आपणच आपले गुरू?

गिटार शिकायची तर ती आपली आपण शिकावी, की शिक्षकाकडे जाऊन रीतसर शिकावी, हा प्रश्न वरवर पाहता अगदी घरगुती आणि किरकोळ वाटतो. मुलगा किंवा मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली, रविवारच्या मिस्साला गायकवृंदात बसू लागली, की केव्हातरी तो घरात उपस्थित होतो. चर्चच्या पायऱ्यांवर एखादी आई विचारते, "फादर, ह्याला क्लासला घालू, की मोबाईलवर बघून शिकेल तो? शेजारचा मुलगा तर तसाच शिकला." बाप बाजूला उभा राहून मनातल्या मनात फीचा हिशेब करीत असतो आणि मुलगा, आपल्याविषयीचे हे बोलणे केव्हा संपते याची वाट पाहत उभा असतो. अशा वेळी "परवडत असेल तर घाला क्लासला" एवढे उत्तर देऊन पुढे जाता येते. परंतु या साध्या प्रश्नाच्या पोटात एक जुना आणि गंभीर प्रश्न दडलेला आहे. माणूस स्वतःचाच गुरू होऊ शकतो काय? ज्ञान मिळविण्यासाठी दुसऱ्यापुढे नमावेच लागते काय? आणि नमावे लागत असेल, तर त्या नमण्याने माणसाचे स्वातंत्र्य वाढते की घटते?

हा प्रश्न गिटारच्याच बाबतीत इतक्या वेळा का विचारला जातो, हे आधी पाहू. व्हायोलिन शिकू इच्छिणारा सहसा तो विचारीत नाही. व्हायोलिनला पडदे नसतात. बोट केसभर सरकले तरी सूर बिघडतो आणि तो बिघडल्याचे साऱ्या घराला कळते. गिटारच्या मानेवर मात्र धातूचे पडदे पक्के बसविलेले असतात. सहाही तारा नीट जुळविलेल्या असतील आणि बोट योग्य घरात पडले, तर नवशिक्याच्या हातूनही खरा सूर निघतो. तीन-चार कॉर्ड हाताशी आल्या, की कितीतरी गीतांना साथ करता येते. शिवाय हे वाद्य उचलून कोठेही नेता येते. १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्री ऑस्ट्रियातील ओबर्नडॉर्फ गावच्या चर्चमध्ये 'सायलेंट नाइट' हे आज जगभर गायिले जाणारे गीत प्रथम गायिले गेले, ते दोन माणसांच्या आवाजात आणि एका गिटारच्या साथीवर. शब्द फादर जोसेफ मोर यांचे होते, चाल शाळामास्तर फ्रान्झ ग्रुबर यांची होती आणि गिटार फादर मोर यांच्या हातात होती. पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेत मातृभाषेला वाट करून दिल्यावर लोकभाषेतील गीतांबरोबर गिटारही अनेक चर्चमध्ये आली आणि स्थिरावली.

म्हणजे गिटार शिक्षकावाचून शिकता येते, हे आपण प्रथमच मान्य करू. शिकता येते की नाही, हा वादाचा मुद्दा नव्हे. कोणत्या वाटेने गेल्यास शिकणाऱ्याच्या अंगी काय बाणते आणि काय बाणायचे राहून जाते, हा खरा मुद्दा आहे.

जो आपला आपण शिकतो, त्याच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. संत ऑगस्टीन यांनी इ. स. ३८९ च्या सुमारास गुरू या विषयावर एक संवाद लिहिला. तो त्यांच्यात आणि आदेओदातुस या त्यांच्या किशोरवयीन मुलात झालेला आहे. हा अतिशय बुद्धिमान मुलगा पुढे थोड्याच काळात वारला. बापलेकांच्या त्या संभाषणात ऑगस्टीन मुलाला हळूहळू एका नवलाच्या निष्कर्षाकडे घेऊन जातात. शिक्षकाचे शब्द म्हणजे केवळ खुणा होत. शब्द ऐकल्यावर ते खरे आहेत की नाहीत, हे शिकणारा आपल्या अंतरंगातील सत्याशी ताडून पाहतो आणि तेथेच तो शिकतो. खरा गुरू आत आहे. बाहेरचा माणूस फक्त तिकडे बोट दाखवितो. शिक्षकाची मते काय आहेत एवढेच कळावे म्हणून कोणी आपल्या मुलाला शाळेत धाडीत नाही, हेही ते आपल्याला आठवण करून देतात.

गिटार हाती घेणाऱ्याला हे पहिल्याच महिन्यात पटते. 'एफ'ची कॉर्ड धरताना पहिले बोट आडवे टाकून एकाच वेळी अनेक तारा दाबाव्या लागतात. नवशिक्याच्या हातून तारांऐवजी नुसता खडखडाट ऐकू येतो, बोटांची टोके हुळहुळतात, मनगट दुखू लागते. या वेळी जगातला मोठ्यात मोठा शिक्षक शेजारी बसला तरी तो आपले बोट काढून विद्यार्थ्याच्या हाताला लावू शकत नाही. गुरूच्या बोटांना पडलेल्या घट्ट्यांनी शिष्याचे काम भागत नाही. कोठल्या तरी संध्याकाळी, शंभर वेळा चुकल्यानंतर, ती कॉर्ड एकदम स्वच्छ वाजते आणि त्या क्षणी शिकणारा एकटाच असतो. या अर्थाने जगातले सारे शिक्षण आत्मशिक्षणच होय.

स्पेनचे आंद्रेस सेगोव्हिया यांचे उदाहरण या संदर्भात नेहमी दिले जाते. १८९३ साली लिनारेस येथे जन्मलेल्या या माणसाने, गिटार म्हणजे खानावळीतले आणि रस्त्यावरचे वाद्य असे मानले जात असताना, तिला जगातील मोठमोठ्या संगीतसभागृहांत मानाचे आसन मिळवून दिले. बाखची व्हायोलिनसाठी लिहिलेली अत्यंत अवघड रचना गिटारवर उतरवून १९३५ साली त्यांनी पॅरिसमध्ये सादर केली. घरच्यांचा पाठिंबा नव्हता. स्वरलिपीची पुस्तके मिळवून, ऐकून, चाचपडून ते शिकले. आपणच आपले गुरू आणि आपणच आपले शिष्य, असे ते अभिमानाने सांगत. १९८७ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी ते निधन पावले, तोपर्यंत जगभरचे गिटारवादक त्यांना आपल्या परंपरेचे जनक मानू लागले होते.

आता गंमत अशी, की सेगोव्हियांचा हाच दावा त्यांच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधी एका धर्मपंडिताने तपासून ठेवलेला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी १२५६ ते १२५९ या काळात पॅरिस येथे सत्याविषयी ज्या चर्चा चालविल्या, त्यांतील अकरावी चर्चा गुरू या विषयावर आहे आणि तिच्यातील दुसरा प्रश्न नेमका हाच आहे: माणसाला स्वतःचा गुरू म्हणता येईल काय?

थॉमस यांची भूमिका ऑगस्टीन यांच्यापेक्षा थोडी निराळी आहे. ते वैद्याचा दाखला देतात. रोग बरा होतो तो शरीराच्या अंगच्या शक्तीने. वैद्य त्या शक्तीला मदत करतो. कित्येकदा शरीर वैद्यावाचूनच बरे होते. त्याचप्रमाणे ईश्वराने प्रत्येकाच्या ठायी ठेवलेल्या बुद्धीच्या प्रकाशात माणूस कितीतरी गोष्टी आपल्या आपण शोधून काढतो. ही झाली शोधाची वाट. दुसरी वाट शिक्षणाची. तीत शिक्षक बाहेरून मदत करतो, परंतु काम शिष्याच्या बुद्धीचाच प्रकाश करीत असतो. येथवर थॉमस आत्मशिक्षित माणसाला पूर्ण मान देतात. इतकेच नव्हे, तर जो शोधून शिकतो त्याची ग्रहणशक्ती अधिक मोठी, हेही ते मान्य करतात. तरीसुद्धा त्याला स्वतःचा गुरू म्हणावयास ते तयार नाहीत. कारण गुरूजवळ जे शिकवायचे ते आधीच पूर्णपणे असावे लागते. शिकणाऱ्याजवळ ते बीजरूपाने असते. एकच माणूस एकाच वेळी, एकाच गोष्टीविषयी, जाणणारा आणि न जाणणारा असा दोन्ही असू शकत नाही. म्हणून ज्याला सारे समग्र ठाऊक आहे, तो दुसऱ्याला अधिक लवकर आणि अधिक सोपेपणाने तेथवर नेऊ शकतो.

'समग्र' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. पहिल्या महिन्यात विद्यार्थी डाव्या हाताचा अंगठा गिटारच्या मानेवरून वर काढून धरतो. त्याला ते सोयीचे वाटते आणि त्या दिवसापुरते ते बरोबरही असते. हाच अंगठा दोन वर्षांनी, हात मोकळेपणाने पसरण्याची वेळ आली की आडवा येणार आहे, हे शिक्षकाला दिसते आणि विद्यार्थ्याला दिसत नाही. खांदा आखडून, मनगट वाकवून वाजविण्याची सवय एकदा अंगवळणी पडली, की ती मोडण्यास ती लागण्यापेक्षा कितीतरी अधिक काळ लागतो. कधी कधी दुखणे होऊन हात काही महिने बाजूला ठेवावा लागतो. वाट चालणाऱ्याला पुढचे वळण दिसते. ज्याने ती वाट पायाखाली घातली आहे, त्याला वळणापलीकडचेही ठाऊक असते.

याहूनही एक खोल कारण आहे आणि ते कानाशी निगडित आहे. वाजविताना आपले अर्धे अवधान बोटांवर असते. आपल्या मनात जे गीत घुमत असते, तेच आपल्याला कानांनी ऐकू येते आहे असा भास होतो. सोप्या ओळीला आपण धावतो, अवघड कॉर्ड आली की अर्धा क्षण थांबतो आणि आपल्याबरोबर आपला तालही थांबत असल्यामुळे आपल्याला त्याचा पत्ता लागत नाही. ऐकणाऱ्याला मात्र तो लागतो. कुसळ-मुसळाची म्हण आपण डोळ्यांविषयी ऐकली आहे. ती कानांनाही तितकीच लागू पडते.

म्हणूनच मोबाईलवरील धड्यांविषयी माझे मत सावध आहे. थोर वादकांचे हात इतक्या जवळून, पाहिजे तितक्या वेळा आणि विनामूल्य पाहण्याचे भाग्य मागच्या पिढ्यांना लाभले नव्हते. ज्याच्या गावात शिक्षक नाही, त्याच्यासाठी तर हे वरदानच आहे. परंतु चित्रफीत आपल्याला दिसते, तिला आपण दिसत नाही. ती दहा वेळा दाखवील. अकराव्यांदा "थांब, पुन्हा वाजव, तुझे तिसरे बोट उचलले जात आहे" असे म्हणणार नाही. माहिती देणे हे शिक्षकाचे दुय्यम काम आहे आणि ते आता यंत्रे पुष्कळ चांगले करतात. शिक्षकाचे पहिले काम आपल्याला ऐकण्याचे आहे.

माझ्या मते नैतिक प्रश्न येथे सुरू होतो. दुसऱ्याने आपल्याला ऐकावे, तेही आपण वाईट वाजवीत असताना, हे मनाला मानवत नाही. मुलांना ते थोडे जड जाते, प्रौढांना फार जड जाते. पंचेचाळीस वर्षांचा, कचेरीत पंधरा माणसांवर अधिकार चालविणारा गृहस्थ हौसेने गिटार विकत घेतो आणि बावीस वर्षांच्या शिक्षकापुढे अडखळण्याची कल्पना सहन न होऊन "मी माझा माझा शिकेन" असे म्हणतो. तो त्याला स्वावलंबन समजतो. स्वावलंबन हा मोठा गुण आहे, यात शंका नाही. परंतु प्रत्येकाने आपल्या मनाला एकदा विचारावे, की मला शिक्षक नको आहे, की साक्षीदार नको आहे?

याची दुसरी बाजू न सांगणे अन्यायाचे होईल. क्लासला जाणे म्हणजे नम्रता आणि घरी शिकणे म्हणजे अहंकार, इतके हे गणित सोपे नाही. क्लासला जाणे ही सुद्धा एक पळवाट होऊ शकते. फी भरली म्हणजे शिकणे विकत घेतले, असे आईबापांना वाटते. शिक्षकाने सांगितले तेवढे केले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मुलाला वाटते. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या श्रेणी परीक्षा आपल्या समाजात परिचित आहेत. त्या परीक्षांनी शिस्त लावली, हे खरे. परंतु प्रमाणपत्रे भिंतीवर आणि गिटार कपाटावर, अशी घरेही आपण पाहिली आहेत.

एका धर्मग्रामात मी दोन तरुण जवळून पाहिले. मुलीने कित्येक वर्षे शिक्षकाकडे धडे घेतले होते; तिचा हात स्वच्छ होता, ताल पक्का होता. मुलगा एका रिक्षाचालकाचा. चुलतभावाने टाकून दिलेल्या गिटारवर तो आपला आपण शिकला होता. एकदा दफनविधीच्या वेळी कबरीजवळ मृताच्या पत्नीने अचानक आपल्या नवऱ्याच्या आवडीचे एक जुने गीत म्हणण्याची विनंती केली. समोर स्वरलिपीचा कागद नव्हता. मुलीची बोटे तारांवर नुसतीच थांबून राहिली. मुलाने दोन-तीन स्वर चाचपून पाहिले आणि त्या माउलीच्या थरथरत्या आवाजाला साजेल अशा पट्टीत गीत सुरू केले. सारे गाऊ लागले. तेथे त्याच्या कानाने जे काम केले, ते कोणत्याही श्रेणी परीक्षेने तिला शिकविले नव्हते.

परंतु काही महिन्यांनी ईस्टरची तयारी सुरू झाली. ऑर्गन, दोन व्हायोलिने आणि चार आवाज असा मेळ होता. तेथे तो मुलगा मागे पडला. त्याचा ताल त्याच्या पुरता बरोबर होता, इतरांबरोबर जुळत नव्हता; स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. तिसऱ्या सरावानंतर तो यावयाचा बंद झाला. चौकशी केली तेव्हा कळले, की त्याच्या वाजविण्यात घाई होते ही गोष्ट गायकवृंदातील प्रत्येकाला पूर्वीपासून ठाऊक होती. "बिचारा आपला आपण शिकला आहे, त्याला कशाला दुखवा," म्हणून कोणी बोलले नव्हते. त्याची स्तुती सर्वांनी केली होती. त्याला ऐकले कोणीच नव्हते. पुढे त्याच ऑर्गनवादक बाईंनी त्याला घरी बोलावून घेतले आणि दर शनिवारी तास-दीड तास समोर बसवून वाजवून घेण्यास आरंभ केला. त्यांना गिटार येत नव्हती. त्या फक्त ऐकत आणि थांबवीत. वर्षभरात तो मुलगा मेळात वाजवू लागला. ती मुलगीही कधी कधी तेथे येऊन बसत असे; कागद बाजूला ठेवून कानाने साथ कशी धरावी, हे ती त्याच्याकडून शिकत होती.

आत्मशिक्षणाचे माहात्म्य सांगताना आपल्या देशात एकलव्याची कथा हटकून सांगितली जाते. मातीच्या मूर्तीपुढे साधना करून तो अर्जुनाच्या तोडीचा किंबहुना त्याहून सरस धनुर्धर झाला, असे आपण कौतुकाने म्हणतो. परंतु आपण एक गोष्ट विसरतो. एकलव्याने ती वाट निवडली नव्हती. तो आधी द्रोणाचार्यांच्या दारी गेला होता आणि निषादाचा मुलगा म्हणून त्याला परत पाठविण्यात आले होते. ज्याला दोन्ही दारे उघडी आहेत, त्यालाच निवड करता येते. ज्याला एकच दार उघडे आहे, त्याच्या नाइलाजाला आपण स्वावलंबनाचे गोंडस नाव देणे हे क्रौर्य आहे. आणि ज्या गुरूने एक दिवसही शिकविले नाही, त्याने गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा मागावा, याहून गुरुपदाचा मोठा अपमान तो कोणता? शिक्षकाला आपला अंगठा कापून देणारे शिष्य आजही आढळतात. सततच्या उपहासाने ज्यांची संगीताची गोडीच मारली गेली, अशी मुले मला ठाऊक आहेत. दुसऱ्याच्या कानावर विश्वास ठेवा असे सांगताना, तो कान प्रेमळ असावा, ही अट विसरून चालणार नाही. जो शिक्षक मुलाला लहान करतो, त्याच्याकडून मुलाला काढून घेणे हे आईबापांचे कर्तव्यच आहे.

मग योग्य वाट कोणती? भारतीय संगीताच्या इतिहासात या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर सापडते. पंडित ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी गिटार मांडीवर आडवी घेऊन तिच्यावर हिंदुस्थानी राग वाजविण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापुढे मळलेली वाट नव्हती. पाश्चात्त्य वाद्यातून मींड कशी काढावी, हे त्यांना बऱ्याच अंशी स्वतःच शोधावे लागले. परंतु रागाचे शिक्षण घेण्यासाठी ते सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ यांचे शिष्य झाले. गुरूच्या हातात गिटार नव्हती. गुरूच्या कानात राग होता. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासमवेत त्यांनी केलेली 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका देशोदेशी ऐकली गेली. वाद्य शोधून मिळविले, संगीत गुरूपाशी बसून घेतले. थॉमस यांनी सांगितलेल्या दोन्ही वाटा एका माणसाच्या हातात येऊन मिळाल्या. खुद्द सेगोव्हियांनीही पुढील आयुष्यात सिएना आणि सांतियागो येथे तरुण वादकांना शिकविले. ज्यांना गुरू लाभला नव्हता, त्यांनी इतरांना गुरूवाचून राहू दिले नाही. त्यांच्या अभिमानाच्या वाक्यापेक्षा त्यांची ही कृती मला अधिक बोलकी वाटते.

येथे आपल्या समाजाच्या एका जुन्या ठेव्याची आठवण करून देणे अगत्याचे आहे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातील चर्चना जोडलेल्या शाळांमधून मुलांना स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकविण्याची प्रथा होती. ते शिक्षण धनिकांपुरते नव्हते. त्या परंपरेतून बाहेर पडलेल्या वादकांनी पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्डा गावचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) हे त्यांच्यापैकीच एक. त्यांचे वडील चर्चमधील गायकवृंदाचे प्रमुख होते. त्यांच्याकडे शिकलेल्या प्यारेलाल यांनी १९७७ सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील एका गाण्यातून आपल्या गुरूचे नाव घरोघरी पोहोचविले. त्या शाळांनी मुलांना प्रतिभा दिली नाही. ती ज्याची त्याच्याजवळच होती. त्यांनी मुलांना ऐकणारा कान दिला आणि तोही मूल कोणाच्या घरचे हे न विचारता.

म्हणून, क्लास की स्वाध्याय हा प्रश्न केवळ एका कुटुंबाने आपल्या पाकिटाकडे पाहून सोडवावा, हे मला पुरेसे वाटत नाही. ज्या धर्मग्रामात चांगले वाजविणारी चार माणसे आहेत आणि तरीही रिक्षाचालकाचा मुलगा एकटाच चाचपडतो आहे, तेथे दोष त्या मुलाचा नाही. आठवड्यातून एक तास कोणा एकाचे ऐकून घेणे, ही सुद्धा देणगीच आहे आणि तिला पैसा लागत नाही.

आईबापांना मी एवढेच सुचवीन. मूल प्रथम काही महिने आपले आपण वाजवू लागले तर वाजवू द्यावे. आवड खरी आहे की नाही ते कळते आणि कान मोकळा राहतो. त्यानंतर शक्य असेल तर शिक्षक पाहावा आणि शिक्षक निवडताना तो किती छान वाजवितो यापेक्षा तो किती लक्ष देऊन ऐकतो, हे पाहावे. कायमचा क्लास परवडत नसेल, तर दोन-तीन महिन्यांतून एकदा एखाद्या जाणत्यापुढे मुलाने वाजवून दाखवावे. तेही जमत नसेल, तर मोबाईलवर आपले वाजविणे ध्वनिमुद्रित करून दुसऱ्या दिवशी ते ऐकावे; रात्र उलटली की आपलेच वाजविणे थोडे परक्यासारखे ऐकू येते. आणि जे क्लासला जातात, त्यांनी आठवड्यातून एक गीत तरी कागदावाचून, केवळ कानाने बसवावे. शिक्षकांनी मनाशी एक खूणगाठ बांधावी, की विद्यार्थ्याला आपली गरज उरू नये यासाठीच आपण आहोत. वैद्याचे यश रोग्याच्या रोज येण्यात नसते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीच्या दरबारातील एक मोठा अधिकारी येरुशलेमहून परत जाताना रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचीत असतो. तो साक्षर आहे, श्रीमंत आहे, ग्रंथ त्याच्या स्वतःच्या हातात आहे आणि तो आपला आपण वाचतो आहे. रस्त्याने पायी आलेला फिलिप त्याला विचारतो, की वाचता ते समजते काय? मनात आणले असते तर या अपरिचित वाटसरूला तो अधिकारी झिडकारू शकला असता. तसे न करता, कोणी वाट दाखविल्यावाचून मला कसे समजणार, असे तो मोकळेपणाने म्हणतो आणि फिलिपला रथात आपल्या शेजारी बसवून घेतो. पुढे त्याचा बाप्तिस्मा होतो आणि लगेच फिलिप त्याच्या दृष्टीआड होतो. पवित्र ग्रंथ सांगतो, की तो अधिकारी गुरूला शोधीत मागे फिरला नाही. तो आनंदाने आपल्या वाटेने पुढे गेला. काही कोस त्याने दुसऱ्याला आपल्या शेजारी बसू दिले होते. म्हणून उरलेली लांबची वाट त्याला एकट्याने चालता आली.